नीट मारा

"मारा, नीट मारा," असं म्हणत त्या गृहस्थांनी बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात टेबलावरच्या उशीवर पसरला, तेव्हा तिला आधी वाटलं की ते सुईबद्दलच बोलताहेत. तपासणीला रक्त द्यायला आलेली माणसं सुईबद्दल वाटेल ते बोलतात. कुणी डोळे मिटून पुटपुटतं, कुणी मागच्या खेपेला भलत्याच ठिकाणी कसं टोचलं होतं त्याची कहाणी लावतं, आणि पोटात अन्न नसलं की काहींना उगाच विनोद सुचतात. तिने दंडाला रबरी पट्टा आवळला, मूठ मिटायला सांगितली आणि बोटाने शीर चाचपायला लागली. शीर छान होती, ठसठशीत, कडेला न पळणारी. तेवढ्यात खुर्चीमागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने त्यांना खांद्याशी ढोसलं. "अहो, गप्प बसा ना," बाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांनाच हसू फुटलं. तेव्हा कुठे तिला उमगलं. गृहस्थ तिच्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांत खट्याळपणा होता, वाईटपणा अजिबात नव्हता. "तुम्हीच ना त्या? आमचा नातू दिवसभर तेच करतो. चेंडू फेकतो आणि ओरडतो, नीट मारा! राग नका मानू हं. आम्हाला अभिमानच आहे. एवढ्या लांब गेलात, त्या धिप्पाड मुलींसमोर उभ्या राहिलात, हेच खूप."

"हलू नका," ती म्हणाली आणि सुई आत सरकवली. नळीत रक्त यायला लागलं, काळपट, निवांत. थट्टेचं तिला काही वाटलं नव्हतं. थट्टा आता अंगवळणी पडली होती. भाजीवाल्यापासून शेजारच्या जिन्यापर्यंत सगळीकडे ती ऐकून झाली होती. पण हे 'हेच खूप' कुठेतरी बरगड्यांच्या आत जाऊन बसलं, मासळीचा काटा घशात बसावा तसं. तिने पट्टा सोडला, सुई काढली, कापसाचा बोळा ठेवला. "खूप नव्हतं ते," ती म्हणाली. "काय म्हणालात?" गृहस्थांनी विचारलं. "दाबून धरा म्हटलं. हात दुमडू नका." दोघं नवराबायको आभार मानून गेले, आणि ती हातमोजे काढून तशीच बसून राहिली. उजव्या करंगळीचं पेर अजून सुजलेलं होतं, रबरातून ओढताना दुखलं. पडद्याआडून प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं आणि फार हळुवार आवाजात म्हणाल्या, "तुला हवं तर आज लवकर जा घरी." गेल्या पंधरवड्यापासून सगळे तिच्याशी याच आवाजात बोलत होते. मयताला आलेल्यांचा आवाज. "मला काय झालंय?" ती म्हणाली. "बाहेर अजून रांग आहे. पाठवा पुढचं."

आणि तरीही दुपारपर्यंत ती तिथे नव्हतीच. हात नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते, तोंड 'उपाशी आहात ना?' विचारत होतं, आणि ती त्या परक्या शहरातल्या तलावात गळ्यापर्यंत बुडून जाळ्यात उभी होती. उभी म्हणायचं आपलं. पायाखाली काही नसतं. वॉटरपोलोत गोलरक्षक सबंध सामना पाय घुसळत स्वतःला वर धरून ठेवते. वरून बघणाऱ्याला वाटतं की बाई खुर्चीवर बसल्यासारखी निवांत आहे, खाली मात्र मांड्यांची लाकडं झालेली असतात. एकेका बाजूला सात जणी. सहा पोहतात, झगडतात, चेंडू नेतात. सातवी जाळं राखते. जगभरचे पोहणारे, सूर मारणारे, चेंडू खेळणारे त्या स्पर्धांना जमतात, आणि देशाने बायकांचा वॉटरपोलोचा संघ पहिल्यांदाच तिथे पाठवला होता. निघताना कुणी फार आशा लावली नव्हती. पण हरणं वेगळं आणि ते हरणं वेगळं. पहिल्या सत्रात ती गोल मोजत होती. दुसऱ्यात तिने मोजणं सोडलं, फलकाकडे बघणंही सोडलं. मग फक्त चेंडू उरला. समोरचा दंड पाण्याबाहेर यायचा, झाडाच्या फांदीएवढा, मागे जायचा, आणि पुढचं दिसायच्या आत कानाशेजारून वारा जाऊन मागचं जाळं सळसळायचं. वळायचं, जाळ्यातून चेंडू काढायचा, मध्यावर फेकायचा. पुन्हा पाय, पुन्हा दंड. लाज वगैरे वाटायला वेळच नव्हता. खरं सांगायचं तर, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, तिला त्यात एक कडू मजा येत होती. एवढा जोरात चेंडू तिच्याकडे आयुष्यात कुणी मारला नव्हता. घरच्या तलावात ती 'भिंत' होती. सगळ्या तिला भिंतच म्हणायच्या. आणि इथे भिंतीला खिंडारं पडत होती, पण प्रत्येक खिंडारागणिक तिला थोडं थोडं कळत होतं की फेकणारीचा खांदा आधी कुठे वळतो, डोळे कुठे खोटं बोलतात.

मग शेवटचं सत्र अर्ध्यावर आलं आणि ते बदललं. आधी तिला समजलंच नाही काय बिघडलंय. त्या मुली चेंडू आपापसात फिरवायला लागल्या, गोलात, सावकाश, फेकायची वेळ संपेस्तोवर. त्यांच्या प्रशिक्षकाने काठावरून तळवे खाली दाबून काहीतरी खूण केली होती. बस्स करा, अशी. आणि त्यांच्यातली एक, जिने आधी कितीतरी चेंडू तिच्या कानाजवळून नेले होते, तिने अगदी समोरून, लहान मुलाकडे फेकावा तसा चेंडू सोडला. तो तरंगत आला. तिच्या दोन तळव्यांत येऊन बसला, जणू पाळीव आहे. आणि ती मुलगी हसली. हसणं चांगलं होतं, मायेचं होतं, आणि तीच तर पंचाईत होती. घे बाई, असं होतं ते हसणं. प्रेक्षकांतून टाळ्या आल्या. तिच्यासाठी! तिने चेंडू अडवला म्हणून! त्या टाळ्या पाण्यावरून तिच्यापर्यंत आल्या तेव्हा तिचं डोकं तापून लाल झालं असणार, कारण नंतर सगळ्यांच्या फोनवर फिरलेल्या चित्रफितीत जी बाई दिसते ती आपणच आहोत यावर तिचा विश्वास बसायला वेळ लागला. ती बाई चेंडू वर उचलते. तिची कप्तान डावीकडे हात वर करून मोकळी थांबलीय, तिच्याकडे ती बघतही नाही. चेंडू सरळ समोरच्या मुलीकडे परत फेकते आणि आपल्या भाषेत, जी समोर कुणालाच कळत नव्हती, घसा फाडून ओरडते, "नीट मारा! मारायचंय तर नीट मारा!" समोरची मुलगी चेंडू हातात धरून क्षणभर थांबते. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू विझतं, दंड मागे जातो, आणि चेंडू जाळ्यात. चित्रफीत तिथेच संपते. त्यानंतर त्यांनी हात आखडता घेतला नाही. आणखी बरेच गोल झाले, आणि आपल्या संघाचा पराभव त्या स्पर्धांतला सगळ्यात मोठा ठरला. त्यानंतरचे दोन चेंडू तिने अडवले होते, खरे चेंडू, एक मनगटावर आणि एक त्या करंगळीवर. ते चित्रफितीत नाहीत.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणाली होती, परतल्यावर, तिची ओली बॅग रिकामी करताना. "चार मिनिटं गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? त्या मुली चांगल्या घरच्या असतील. दया केली बिचाऱ्यांनी. तुला एवढं झोंबायला काय झालं?" काय झालं ते आईला सांगता आलं असतं, पण आईला ते माहीत होतं आणि ती विसरली होती. मोठ्या काकांच्या घरामागे सिमेंटचं अंगण होतं आणि सुट्टीत सगळी चुलत-आते भावंडं तिथे धावत असत, आणि सगळ्यांत धाकटी ती. 'ही लिंबूटिंबू हं,' असं खेळ सुरू व्हायच्या आधी कुणीतरी जाहीर करायचं. म्हणजे हिला पकडलं तरी ही बाद नाही, हिच्यावर राज्य नाही. पहिल्या सुट्टीत तिला वाटलं होतं की हा मानाचा किताब आहे. ती सगळ्यांत पुढे धावत होती, हात पसरून, कुणी म्हणून तिला शिवत नव्हतं, आणि घरी येऊन तिने आईला सांगितलं होतं की मला कुणी पकडूच शकत नाही. आई हसत सुटली होती. पुढच्या सुट्टीत कळलं. आतेभाऊ तिच्या अगदी जवळून गेला, त्याचा हात तिच्या पाठीवर पडायला आला आणि त्याने तो काढून घेतला, तापलेल्या तव्यावरून काढावा तसा, आणि दुसऱ्या कुणामागे धावला. ती अंगणाच्या मधोमध थांबली. सगळे तिच्या भोवतीने पळत होते, किंचाळत होते, पकडले जात होते, एकमेकांवर चिडत होते. ती कुणालाच दिसत नव्हती. खांबाला वळसा घालून जावं तसे तिला वळसा घालून जात होते. तिने आतेभावाच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता, रक्त येईपर्यंत. सगळ्या घराने तिला बोल लावले. त्याच्या डोळ्यांत मात्र पहिल्यांदा ती दिसली होती, तिने पाहिलं होतं ते.

दुपारी कप्तानचा फोन आला. कप्तान एका शाळेत गणित शिकवते, आणि संघातल्या तिच्याहून मोठ्या मुलीसुद्धा तिला ताई म्हणतात. परतल्यापासून ताई तिच्याशी बोलली नव्हती. "संध्याकाळी सरावाला ये. संघटनेचे चिटणीस येणार आहेत," ताई म्हणाली, वर्गात गृहपाठ सांगावा तशी. "कशाला?" "तुझ्यासाठी. तू चुकलीस असं त्यांच्यासमोर, सगळ्यांसमोर म्हणायचं. मग ते वर कळवतील आणि पुढच्या वेळी संघ पाठवायचा की नाही ते ठरेल." "आणि तू काय म्हणतेस?" तिने विचारलं. पलीकडे शाळेची घंटा वाजली. "मी काय म्हणते ते तू तिथेच ऐक," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

तलाव कामाच्या जागेपासून फार लांब नव्हता. ती चालत गेली. रस्त्यात फळ्या लावलेली दुकानं, फुटपाथ उकरून ठेवलेला, एक बाई गॅलरीतून सतरंजी झटकतेय, धूळ उन्हात सोनेरी होऊन खाली येतेय. माफी मागायला काय जातं, असा विचार तिने करून पाहिला, नव्या चपला घालून पाहाव्यात तसा. दोन शब्द. तोंडातून वाफ. माणसं दिवसातून दहादा माफी मागतात, कुणाच्या पायावर पाय पडला तरी मागतात. आपण मागितली तर पुढच्या वेळी बारा-तेरा जणींचं जाणं वाचेल. म्हणजे आपला ताठा मोठा की त्यांचं जाणं मोठं? इथे ती अडखळली, खरोखरच, उकरलेल्या फरशीला ठेच लागून. आणि अंगठ्यातून कळ डोक्यात गेली तशी उलट गोष्टही लख्ख झाली. माफी मागून जे जातील ते काय म्हणून जातील? पुन्हा अंगणाच्या मधोमध उभं राहायला? या बायका बिचाऱ्या लांबून आल्यात, यांना हळू मारा. आणि हळू मारलेले चेंडू गोळा करून परतायचं, आणि लोकांनी म्हणायचं, कमीच फरकाने हरल्या, हेच खूप. तिला एकदम इतका राग आला की समोरून येणारा सायकलवाला तिच्याकडे बघून बाजूला झाला. पण रागाच्या तळाशी एक बारीक खडा होता, तो काही केल्या विरघळत नव्हता. ताईचा वर केलेला हात. डावीकडे, मोकळा, चेंडूची वाट बघणारा.

तलावावर पाण्याचा नेहमीचा वास होता, औषधाचा आणि ओल्या टॉवेलांचा. सगळ्या जणी टोप्या घालून काठावर पाय सोडून बसल्या होत्या, कुणी पाण्यात उतरलं नव्हतं. सर, त्यांचे प्रशिक्षक, गळ्यातली शिट्टी उगाच फिरवत होते. आणि चिटणीस. इस्त्रीची पँट, चकचकीत बूट. कुठे पाणी उडेल म्हणून भिंतीला टेकून उभे. माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. "या, या," ते म्हणाले. "बसा. हे बघा, तुमच्या हेतूबद्दल कुणाला शंका नाही. पण समोरचा संघ सभ्यपणे वागत होता. ते आवरतं घेत होते. तुम्ही त्यांना डिवचलंत. आज आपल्या देशाचं नाव पेपरात कुठल्या पानावर आहे, माहीत आहे ना? आवेगात झालं, चुकलं, एवढंच म्हणा. विषय संपला."

"म्हणून टाक गं," सर खालच्या आवाजात म्हणाले. ते चांगले होते. त्यांनीच तिला पाण्यात पाय घुसळायला शिकवलं होतं, डोक्यावर पाण्याने भरलेली बादली धरायला लावून. त्यांच्याकडे बघून ती नाही म्हणू शकली नसती, म्हणून तिने बघितलं नाही.

"ताईला काहीतरी म्हणायचंय," ती म्हणाली.

ताई उठली. ती बुटकी आहे, खांद्याने रुंद, आणि रागावली की तिचा आवाज चढायच्या ऐवजी उतरतो. "हो, म्हणायचंय. तू जाळ्यात होतीस. पोहत आम्ही होतो. माझ्या पोटरीत गोळा आला होता. ही बसलीय ना, हिच्या नाकातून रक्त येत होतं, हिने पाणी आणि रक्त गिळलं एकत्र. आम्ही फक्त ते संपायची वाट बघत होतो. आणि मी हात वर केला होता. मोकळी होते मी. अख्ख्या सामन्यात मी पहिल्यांदा मोकळी सापडले होते. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तुला नीट मारलेलं हवं होतं ना? ते मारायच्या आधी त्या आमच्या अंगावरून पोहून गेल्या. तुझा मान राखायला आमची हाडं वापरलीस तू."

पाणी काठाच्या जाळीत गळगळत होतं. इतके दिवस ती थट्टेला उत्तरं तयार करत होती, मायेला करत होती, चिटणिसांना करत होती. ताईसाठीही तिने शोधलं, आत, नेहमीच्या जागी, जिथे तिला बोलायला काही ना काही सापडतं, आणि तिथे फक्त तो वर केलेला हात होता. "हो," ती म्हणाली. "तुला चेंडू द्यायला हवा होता. मी तुला बघितलं नाही. चुकलं माझं, ताई. तुझी माफी मागते. हिचीपण, आणि सगळ्यांची."

"छान," चिटणीस म्हणाले आणि भिंतीपासून सुटे झाले. "झालं तर मग."

"झालं नाही," ती म्हणाली. "यांची मागितली. तुमची नाही. आणि त्या मुलींना जे ओरडले त्याची तर नाहीच. ते बरोबर होतं. पुन्हा कुणी तसा चेंडू टाकला तर मी पुन्हा ओरडेन. फक्त त्याआधी चेंडू ताईला देईन." कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. "आम्ही हरलो ते मी ओरडले म्हणून नाही. त्या आमच्याहून भारी होत्या म्हणून हरलो. ते जगाला दिसलं तर दिसू दे. झाकून ठेवायला आम्ही काय चोरी केलीय?"

चिटणिसांचा चेहरा गोरामोरा झाला. तरीही ते संथपणेच बोलले. "तुमच्याशिवाय जाळं राखणारी दुसरी कुणी नाही असं समजू नका." आणि त्यांनी दुसऱ्या गोलरक्षकाकडे हात केला. ती मुलगी काडीसारखी, हात मात्र लांब. तिला चिमणी म्हणतात. त्या स्पर्धांत तिने एकही मिनिट पाण्यात काढलं नव्हतं, सगळा वेळ कोरड्या टॉवेलात बसून होती. "काय हो? तयार आहात ना तुम्ही?"

चिमणीने सगळ्यांकडे पाहिलं, मग जिला सगळ्या भिंत म्हणायच्या तिच्याकडे. "मला जागा हवीये," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? पहिल्या दिवसापासून हवीये."

आणि गंमत म्हणजे हे ऐकून तिला त्या दिवसातलं पहिलं खरं सुख झालं. आतून काहीतरी सैल सुटलं, पट्टा सोडल्यावर हातात रक्त धावतं तसं. कुणी तिला सांभाळून घेत नव्हतं. "मग घे की," ती चिमणीला म्हणाली. "पण माझ्यासमोर पाण्यात उतरून घे." आणि तिने कामावरचे कपडे तिथेच काढले, आत पोहायचा पोशाख होताच, टोपीचे बंद हनुवटीखाली बांधले आणि चिटणिसांचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असताना पाण्यात उतरली. पाणी कानांवर मिटलं. वर आली तेव्हा वाक्य चालूच होतं. शिस्त, पत्र, नाव वगळणं, असे शब्द फरशीवरून घसरत येत होते. "बाहेर या," ते म्हणाले. "मी बोलतोय तुमच्याशी." "बोला ना," ती म्हणाली, "ऐकू येतंय इथून." आणि पाठीवर पोहत, एकेक हात सावकाश टाकत, जाळ्याकडे निघाली. सरांनी शिट्टी तोंडाला लावली, काढली, पुन्हा लावली. वाजवली मात्र नाही. तिने जाळ्याकडे पाठ केली आणि पाय घुसळायला लागली. ठेचकाळलेला अंगठा चुरचुरत होता. वगळतील नाव. वगळू देत. जाळं काही त्यांनी घरी नेलेलं नाही. उद्या येऊ, परवा येऊ, आणि वगळलेली बाई रोज इथे पाण्यात आहे हे त्यांना रोज बघावं लागेल, बूट सांभाळत.

चिमणी समोरच्या जाळ्याकडे निघाली होती, घाईघाईने, पाणी उडवत. मग नाकातून रक्त आलेली मुलगी उतरली, मग आणखी दोघी. ताई अजून काठावर होती. ती चिटणिसांकडे बघत नव्हती आणि तिच्याकडेही बघत नव्हती. दोन्ही हातांनी चेंडू पोटाशी धरून, एखादं अवघड गणित फळ्यावर लिहायच्या आधी उभी राहत असेल तशी उभी होती. शेवटी तिने चेंडू पाण्यात टाकला आणि त्याच्यामागे उडी घेतली, इतकी जवळून की चिटणिसांच्या पँटीला गुडघ्यापर्यंत पाणी लागलं. मुद्दाम की कसं, ते ताईलाच ठाऊक. चार हातांत ती मध्यावर आली, चेंडू उचलला, आणि अजूनही राग तसाच होता तिच्या तोंडावर, जराही ओसरलेला नव्हता.

"माझ्याशी बोलू नकोस," ताई म्हणाली. "महिनाभर तरी बोलू नकोस. हात वर घे."

तिने हात वर घेतले.